माहिती पुरेशी नाही

"चूक आहे," कुणीतरी म्हणालं.

अलुमितानं मान वर केली नाही. सुवा शहरातल्या वाचनालयाच्या व्हरांड्यात जेवायच्या सुट्टीत अशी माणसं पुष्कळ येतात. पाऊस चुकवायला शिरतात आणि मग लोकांच्या वह्यांत डोकावतात. तिनं वही जरा आपल्याकडे ओढली.

"चूक आहे, म्हटलं. बारा भागिले क्ष हे चारापेक्षा लहान. तुम्ही उत्तर लिहिलंत, क्ष तीनापेक्षा मोठा. अर्धं उत्तर बुडालं."

आता मात्र तिनं वर पाहिलं. उंच माणूस, बोटीवरच्या अधिकाऱ्याचा पांढरा सदरा, विजार गुडघ्यापर्यंत भिजलेली. काखेत टोपी. आणि त्या टोपीतून थेंब... थेंब... नेमके तिच्या पुस्तकावर.

"तुमची टोपी गळतेय."

"उणे एक घालून बघा."

"टोपीत?"

"क्षच्या जागी." तो हसला नाही, पण डोळे हसले. "बारा भागिले उणे एक म्हणजे उणे बारा. चारापेक्षा लहान आहे की नाही? मग तुमच्या उत्तरात उणे एक का नाही? उण्यांची अख्खी बाजूच समुद्रात ढकललीत तुम्ही."

तिनं करून पाहिलं. बरोबर होतं. परक्या माणसानं चूक दाखवली की राग येतो, आणि ती खरीच चूक निघाली की दुप्पट येतो. सकाळपासूनची ही सहावी चूक. सहाच्या सहा एकाच जातीच्या.

"गाव कोणतं तुमचं?" त्यानं विचारलं.

"वुनिमोली."

त्याचा चेहरा असा उजळला, जसं गेल्या वर्षी हरवलेलं काही गादीखाली सापडावं. त्यानं टोपी बाकावर ठेवली, समोर बसला, तिच्या कागदावरची बटाट्याची भाजी भरलेली रोटी उचलली, मधोमध मोडली आणि अर्धी तोंडात घातली.

"अहो!"

"नुकुलोआ," तो भरल्या तोंडानं म्हणाला आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "मी नुकुलोआचा. पेनाया."

अलुमितानं डोळे मिटून घेतले. संपलं. जगात एवढी गावं आहेत, एवढी बेटं आहेत, आणि पावसानं आणून टाकलं ते नेमकं नुकुलोआचं माणूस.

वुनिमोली आणि नुकुलोआ ही तौवू गावं. दोन्हींचा मूळपुरुष एक. म्हणून एका गावच्यानं दुसऱ्या गावच्याला काहीही बोलावं, त्याचं काहीही उचलावं, आणि त्यानं रागवायचं नाही. रागावला तो हरला, आणि त्याच्याबरोबर त्याचं गाव हरलं. आपल्याकडे विहिणी-विहिणींची थट्टा लग्नापुरती चालते. ही जन्मभर चालते, मयताच्या घरीसुद्धा चालते.

"रोटीत मीठ कमी आहे," पेनाया म्हणाला. "वुनिमोलीत मीठ मिळत नाही का अजून?"

"मिळतं. नुकुलोआच्या लोकांनी चोरून नेलं नाही त्या वर्षी मिळतं."

"शाबास!" त्यानं उरलेल्या अर्ध्या रोटीकडेही पाहिलं. तिनं ती घाईघाईनं तोंडात कोंबली.

अलुमिता सत्तावीस वर्षांची. वुनिमोलीच्या बायका खोबऱ्याचं तेल काढायच्या, त्यांच्या मंडळाचं सुवातलं काम ती एकटी बघायची. तेल चांगलं होतं, पण ते कुठे विकायचं, कुणाशी कसं बोलायचं, हे मंडळात कुणालाच येत नव्हतं. ते शिकायला तिला वेलिंग्टनच्या विद्यापीठात जायचं होतं. जागा मिळाली होती, एका अटीवर: प्रवेश-परीक्षेत सहाशे गुण हवेत. पहिल्या खेपेला पाचशे साठ मिळाले, दुसऱ्या खेपेला पाचशे सत्तर. तिसरी खेप आठ आठवड्यांवर आली होती. त्यानंतर जागा दुसऱ्या कुणाला तरी जाणार होती.

आणि तिला अडवणारी होती ती ही लहान-मोठ्याची गणितं. बाकी सगळं जमायचं. पण 'यापेक्षा मोठं, त्यापेक्षा लहान' आलं की तिचा हात आपोआप चालायचा आणि चुकीच्या दारात जाऊन उभा राहायचा.

*

पेनाया नुकताच वुनिमोलीकडच्या बेटांच्या मार्गावरच्या मालवाहू बोटीवर आला होता. कुठला माल कुठे लावायचा, बोट एका बाजूला कलणार नाही ना, हे बघणं त्याचं काम. बोट शनिवारी यायची, बुधवारी दुपारी सुटायची. वुनिमोलीच्या तेलाचे डबे त्याच बोटीनं यायचे. म्हणजे शनिवारी धक्क्यावर तो, आणि सोमवार, मंगळवार, बुधवार वाचनालयात तो.

"पुन्हा आलास?" ती म्हणायची. अहो-जाहो पहिल्याच दिवशी गळून पडलं होतं.

"रोटीसाठी. ए खेकडे, सरक."

"सरकते. बोक्यांना जागा द्यावीच लागते."

एकदा तिनं बरोबर त्याची आवडती अननसाची पेस्ट्री त्याच्या पिशवीतून काढली आणि त्याच्यासमोर, त्याच्या डोळ्यांत बघत, सावकाश संपवली. नियम दोन्ही बाजूंना सारखाच. तो फक्त म्हणाला, "कण राहिलाय... इथे." आणि स्वतःच्या ओठाच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिनं पुसलं. नंतर तासभर तिला एकही गणित सुटलं नाही, आणि त्याचाही राग तिनं गणितावरच काढला.

"हे बघ," ती पेन्सिल आपटून म्हणाली. "उणे दोन क्ष, सहापेक्षा लहान. उणे दोननं भागलं. क्ष, उणे तीनपेक्षा लहान. आता यात काय चुकलं?"

"शून्य घाल."

"शून्य... शून्य सहापेक्षा लहान आहे. खरं."

"मग शून्य तुझ्या उत्तरात आहे का?"

नव्हतं. तिनं वही बंद केली. "उण्यानं भागलं की चिन्ह उलटतं, हे मला पाठ आहे. पाठ आहे रे! पण हात ऐकत नाही. का उलटतं तेच कळत नाही, मग हात कशाला ऐकेल?"

त्यानं वही उचलली, काखेत मारली आणि चालायला लागला.

"अरे! वही!"

"ये."

समुद्राच्या कठड्यापाशी तो थांबला. पाऊस नुकताच उघडला होता, पाणी काचेसारखं सपाट होतं. जवळच दोन शिडाच्या होड्या उभ्या होत्या.

"कुठली डोलकाठी उंच?"

"डावी. आंधळी नाही मी."

"आता पाण्यात बघ. कुणाचं टोक जास्त खोल गेलंय?"

तिनं पाहिलं. "...डावीचंच."

"वर सगळ्यात वर, तीच खाली सगळ्यात खाली. उण्यानं गुणणं-भागणं म्हणजे पाण्यात बघणं. मोठं ते लहान होतं. कुणाच्या लहरीनं होत नाही."

अलुमिता बराच वेळ पाण्यात बघत राहिली. दोन डोलकाठ्या, आणि त्यांच्या शेजारी दोन माणसांची डोकी. उंच त्याचं, बुटकं तिचं. पाण्यात तो तिच्यापेक्षा खाली होता. तिला ते फार आवडलं.

"आणि क्षनंच गुणलं तर?" तिनं विचारलं.

"क्ष पाण्याच्या वर आहे की खाली, हे माहीत आहे का तुला?"

"नाही."

"मग दोन्ही धरून सोडवायचं. आधी वर आहे समजून, मग खाली आहे समजून. तू काय करतेस? न विचारता धरून चालतेस की तो वरच आहे."

"न विचारता," ती म्हणाली. "तू मला हे शिकवतोस? विचारून घ्यायला तुला काय होतं रे? एखाद्या दिवशी म्हण ना, अलुमिता, थोडी रोटी दे."

तो खरोखर दचकल्यासारखा झाला. "विचारायला मी काय परका आहे?"

*

पाचव्या आठवड्यात, धक्क्यावर, तेलाचे डबे उतरत असताना तो क्रेनखालून ओरडला, "ए खेकडे! लग्न कर माझ्याशी! गणितं मी सोडवीन, तू नुसतं तेल लाव!"

सगळा धक्का हसला. क्रेन चालवणारा म्हातारा एवढा हसला, की डबे अधांतरी झुलायला लागले.

"बोक्याशी लग्न केलं तर स्वयंपाकघराला कुलूप लावावं लागेल!" तिनं ओरडून सांगितलं. धक्का पुन्हा हसला. वुनिमोलीची लाज राहिली. पण घरी जाताना बसमध्ये तिनं तिकीट चुरगाळून चुरगाळून त्याची गोळी केली.

ती सुवातल्याच राइवाकाला लाइसानी आत्याकडे राहायची. आत्या चटई विणत होती.

"आत्या, तौवू माणूस लग्न कर म्हणाला तर?"

"मला आतापर्यंत चौदा जण म्हणालेत," आत्या म्हणाली. "त्यातला एक तर मयताच्या ओट्यावर. तुझे काका शेजारीच बसले होते."

"म्हणजे त्याला काही अर्थ नाही."

"तोंडाची गोष्ट वाऱ्याची गोष्ट. मागणी घालायला देवमाशाचा दात घेऊन माणसं दारात येऊन बसली, की थट्टा संपली. तोवर हसायचं आणि चटई विणायची." आत्यानं पात ओढून घट्ट केली. "का गं? कोण म्हणालं?"

"कुणी नाही. गणितात आलं होतं."

आता गणितात खरंच एक नवीन प्रकार आला होता, आणि तो सगळ्यांत वैतागाचा. त्यात उत्तर काढायचंच नसतं. एक प्रश्न असतो, खाली दोन विधानं असतात, आणि विचारतात: एवढ्या माहितीत उत्तर निश्चित सांगता येईल का? येत असेल तर पुरेशी म्हणायचं. नसेल तर पुरेशी नाही म्हणायचं आणि पुढे जायचं.

"पुढे कसं जायचं?" ती पेनायावर खेकसली होती. "उत्तर माहीत नसताना माणूस पुढे कसा जातो?"

"जातो," तो तेवढंच म्हणाला होता आणि तिच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी प्यायला होता.

त्या आठवड्यात वादळ झालं. बोट कुठल्याशा बेटाच्या आडोशाला थांबली. माणसं सुखरूप आहेत, असं रेडिओनं सांगितलं. सोमवार आला, मंगळवार आला. अलुमिता वाचनालयाच्या व्हरांड्यात बसली. अख्खी रोटी समोर, तिची एकटीची. गेले पाच आठवडे ती ज्या रोटीसाठी भांडत होती ती अख्खी... आणि अर्ध्याच्या पुढे घास उतरेना.

तिला स्वतःचाच संताप आला. तिनं वहीचं शेवटचं पान उघडलं आणि परीक्षेत असतं तसं नीट लिहून काढलं.

प्रश्न: पेनायाच्या मनात काही आहे का?
विधान एक: तो रोज येतो.
विधान दोन: तो सगळ्यांसमोर लग्न कर म्हणाला.

मग त्यानं शिकवल्याप्रमाणे तिनं दोन्ही बाजू धरून बघितल्या. आहे समजून: रोज येणारच, लग्न कर म्हणणारच. नाही समजून: रोटीसाठी रोज येणारच, तौवू म्हणून लग्न कर म्हणणारच. दोन्ही विधानं एकत्र केली तरी तेच. तिनं खाली लिहिलं, माहिती पुरेशी नाही. इतकं दाबून लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं.

शनिवारी बोट आली.

"काळजी वाटली का गं?" धक्क्यावर उतरल्या उतरल्या त्यानं विचारलं. दाढी वाढली होती, डोळे लाल होते.

"वाटली ना. नव्वद लिटर तेल होतं."

*

परीक्षा गुरुवारी सकाळी होती. बुधवारी दुपारी तो शेवटचा आला. घाईत होता, बोट दोन तासांत सुटणार होती. आल्या आल्या त्यानं नेहमीप्रमाणे तिच्यासमोरची वही उचलली आणि चाळायला लागला. पहिली पानं... मधली पानं...

अलुमितानं हात पुढे केला. "दे इकडे."

"थांब गं."

"पेनाया, दे म्हटलं ना!"

तो शेवटच्या पानाशी पोचला होता का? ते तिला दिसलं नाही. त्यानं वही मिटली, टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "एका ठिकाणी चिन्ह चुकलंय."

"कुठे?"

"शोध." आणि तिचं खोडरबर खिशात टाकून तो उठला.

"उद्या परीक्षा आहे माझी!" तिचा आवाज चढला. "शेवटची. आठ आठवडे माझं डोकं खाल्लंस, रोट्या खाल्ल्यास. जाताना एक शब्द तरी नीट बोल!"

तो पायरीवर थांबला. मग त्यानं टोपी घातली. "नीट शब्द परक्यांसाठी असतात," तो म्हणाला, पण हे म्हणताना पहिल्यांदाच त्याचे डोळे हसले नाहीत. आणि तो पावसात निघून गेला.

ती पूर्ण दुपार वही चाळत बसली. एकही चिन्ह चुकलेलं नव्हतं. सगळी गणितं तपासली, दोनदा तपासली. एकही नाही. 'खोटारडा बोका!' ती मोठ्यानं म्हणाली, आणि शेजारचे म्हातारे गृहस्थ आपलं वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या बाकावर गेले.

गुरुवारी संगणकासमोर बाराव्या की तेराव्या प्रश्नाला ते आलंच. क्ष हा यपेक्षा मोठा आहे का? विधान एक: क्षचा वर्ग यच्या वर्गापेक्षा मोठा. विधान दोन: क्ष आणि य यांची बेरीज शून्यापेक्षा मोठी.

पहिलं एकटं पुरत नव्हतं. क्ष कदाचित खोल पाण्यात असेल, वर्गामुळे उगाच मोठा दिसत असेल. दुसरं एकटंही पुरत नव्हतं. तिचा हात सवयीनं भागाकाराकडे धावला, आणि तिला दोन डोलकाठ्या दिसल्या. ती थांबली. वर की खाली? बेरीज शून्याच्या वर आहे, म्हणजे वर्गांच्या वजाबाकीला बेरजेनं भागताना चिन्ह उलटणार नाही. म्हणजे दोन्ही मिळून...

पुरेशी. तिनं बटण दाबलं.

शेवटी पडद्यावर आकडा आला. सहाशे चाळीस. तिनं तो तीनदा वाचला. मग तिला आत्याची आठवण यायला हवी होती, मंडळाच्या बायकांची यायला हवी होती. आठवण आली ती गळक्या टोपीची, आणि ती टोपी त्या वेळी दीडशे मैलांवर समुद्रात होती. इतका वैताग तिला पाचशे साठ मिळाले तेव्हाही आला नव्हता.

*

शनिवारी ती डबे घ्यायला धक्क्यावर गेली. भुरभुर पाऊस होता, नेहमीचा. हातात कागदात गुंडाळलेली रोटी. त्याच्या टोमण्याला उत्तर तिनं घरूनच तयार करून आणलं होतं. तो म्हणणार, संगणक बिघडला असेल. ती म्हणणार, नुकुलोआचा असता तर बिघडायच्या आधीच कुणी तरी पळवला असता.

पेनाया शिडीवरून उतरला. "किती?"

"सहाशे चाळीस."

त्यानं टोपी काढली. पाऊस केसांवर पडू दिला.

"बोल ना," ती म्हणाली. "संगणक बिघडला असेल, म्हण."

त्याची नजर तिच्या हातातल्या रोटीकडे गेली. हात सवयीनं पुढे आला... आणि वाटेतच थांबला. त्यानं तो मागे घेतला.

"अलुमिता," तो म्हणाला. खेकडे नाही, वुनिमोलीची नाही. अलुमिता. "यातली अर्धी मला देशील का?"

वर क्रेनवाला म्हातारा शीळ वाजवत होता. ती शीळ बंद झाली.

"काय केलंस हे?" तिचा आवाज रागाचा निघाला. "तू मागत नाहीस. मागायला तू काय परका आहेस?"

"परका व्हायचं नाही म्हणून मागतोय. जे उचललं ते सगळं थट्टेत गेलं. आठ आठवड्यांत जे बोललो तेही थट्टेत गेलं. हे एक जाऊ नये." त्यानं टोपी हातात गोल गोल फिरवली. "तुझ्या वहीचं शेवटचं पान वाचलं मी. बुधवारी. तिसरं विधान द्यायला आलोय."

तिचे कान तापले. "तिथे चिन्ह चुकलं नव्हतं!"

"उत्तर चुकलं नव्हतं. माहितीच मी कमी दिली होती. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती दिली असती तर तू गणितं सोडवली नसतीस. म्हणून गेलो."

"परीक्षेत तिसरं विधान नसतं."

"नुकुलोआच्या परीक्षेत असतं." तो किंचित हसला, मग पुन्हा गंभीर झाला. "तू वेलिंग्टनला जा. थांब म्हणत नाही. मी थांबू का, एवढंच विचारतोय. दोन वर्षं. आणि माझे मामा देवमाशाचा दात घेऊन तुझ्या आत्याच्या दारी आले तर चालेल का, तेही विचारतोय. नाही म्हणालीस तर सोमवारी पुन्हा रोटी पळवीन. मनात काही ठेवणार नाही."

"आठ आठवडे!" अलुमिता म्हणाली. "आठ आठवडे मी क्षचं चिन्ह शोधायचं सोडून तुझं शोधत बसले! रात्रीचं जेवण करपवलं. बसमधून पुढच्या थांब्यावर उतरले. आत्याला खोटं सांगितलं की गणितात आलं होतं..."

"मग?" तो हळूच म्हणाला. "आता माहिती पुरेशी आहे का?"

तिनं कागद उलगडला. रोटी मधोमध मोडली, नेहमी तो मोडायचा तशी नाही, तर जेवणावळीत मोठी माणसं वाढतात तशी, सावकाश. आणि अर्धी दोन्ही हातांवर धरून पुढे केली.

"घे," ती म्हणाली. "दोन वर्षं थांब. आणि मामांना सांग, आत्याला उशिरा आलेली माणसं आवडत नाहीत."

पेनाया तिथेच, ओल्या धक्क्यावर, खाली बसला. दोन्ही हातांनी रोटी घेतली, मांडीवर ठेवली, आणि तळवे ओंजळीसारखे करून सावकाश टाळ्या वाजवल्या. मानाचं काही मिळालं की वाजवतात तशा, घुमणाऱ्या... एक... दोन... तीन. वरून क्रेनवाल्या म्हाताऱ्यानंही वाजवल्या. काय दिलं, का दिलं, त्याला ठाऊक नव्हतं. टाळ्या ऐकल्या की हात वाजतात.

"ऊठ आता," अलुमिता म्हणाली. डोळे पुसायचे होते, म्हणून तिनं पावसाकडे तोंड केलं. "विजार भिजली."

"उठू का?"

"पेनाया!"

"तुझ्या शेजारी उभा राहू का?"

"हे बघ, एकदा विचारलंस, झालं. आता ऊठसूट विचारत बसू नकोस. वैताग येतो मला."

आणि तो उठून उभा राहतो न राहतो तोच तिनं त्याच्या हातातली अर्धी रोटी ओढली, न विचारता, आणि भला मोठा घास तोडला.